लंबरेषा आणि ओळंबा

पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहूनही इंदूरच्या मराठी घरांनी आपली भाषा सणावारांत, नाटकांत आणि स्वयंपाकघरात जपली. नातवंडांच्या गणिताच्या वहीतून मात्र ती नकळत निसटली. आम्ही ज्याला 'चढ' म्हणत आलो, तो हिंदी पुस्तकात 'प्रवणता' आणि आमच्या नातीच्या वहीत 'स्लोप' असतो.

अलीकडेच तिने एक उदाहरण आमच्यापुढे ठेवले. य = २क्ष + ३ या रेषेला लंब असलेली आणि (४, १) या बिंदूतून जाणारी रेषा कोणती? दिलेला चढ २, म्हणून लंबाचा −१/२. मग य − १ = −१/२ (क्ष − ४), अर्थात क्ष + २य = ६. "आजोबा, चढ उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं, झालं!" उत्तर अचूक होते, का बदलायचे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

आम्ही चौकटीचा कागद घेतला. चढ २ म्हणजे एक घर उजवीकडे, दोन घरे वर. ही चाल डावीकडे काटकोनात वळवली, की उजवीकडचे एक घर वर जाते आणि वरची दोन घरे डावीकडे येतात. आडव्या-उभ्याची अदलाबदल झाली, म्हणून अपूर्णांक उलटला. उजव्याचे डावे झाले, म्हणून ऋणचिन्ह आले. दोन्ही चढांचा गुणाकार −१ येतो, तो यामुळेच.

"आणि रेषा आडवीच असली तर?" तिने विचारले. तेव्हा चढ शून्य. तो उलटता येत नाही. लंबरेषा सरळ उभी राहते आणि तिचे समीकरण केवळ क्ष = ४ असे होते. उज्जैनच्या वेधशाळेतील सपाट ओट्यावरचा शंकू असाच उभा आहे. गवंड्याचा ओळंबाही हीच रेषा दाखवतो, आणि त्याच्या नावात 'लंब' दडलेलाच आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) त्रिकोणाची उंचीही 'लंब'च आहे.

परीक्षेत ती इंग्रजीतूनच लिहील, आणि तेच योग्य. तरीही आपल्या मंडळींना आमची विनंती आहे, की आठवड्यातून एखादे उदाहरण नातवंडांसह मराठीतून सोडवावे. कारण विचारायला मुलांना घरचीच भाषा सोपी जाते.