थोरलीचा उशीर

तळ्यातल्या राक्षसाला हात किती द्यावेत, हा प्रश्न मला कधी छळला नाही. आठ द्या, बारा द्या. टॉल्कीनने मोरियाच्या दाराशी बसवलेल्या पहारेकऱ्याला वीसेक आहेत, तेही चालतात. मला वर्षानुवर्षं छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे सगळे हात एकट्या माझ्या डोक्यातून चालतात आणि समोरच्यांना ते कळतं. तिसऱ्या राउंडपर्यंत टेबलावरच्या प्रत्येकाला उमगलेलं असतं की आपण तळ्याशी लढत नाही, डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या माझ्याशी लढतोय. पूर्वेच्या काठावरचा हात आणि पश्चिमेच्या काठावरचा हात एकाच चतुराईने वागतात, कारण दोघांनाही नकाशा वरून दिसतो. जखमी पुजारी झाडामागे लपला तरी गाळातून वर आलेला, डोळे नसलेला हात बरोबर त्याच्यापाशी पोचतो. पुजारी हाताला सापडलेला नसतो, मला सापडलेला असतो.

यावरचे ठरलेले उपाय मी सगळे करून पाहिले. प्रत्येक हाताचा वेगळा इनिशिएटिव्ह, प्रत्येकाचे वेगळे हिट पॉइंट. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या पुस्तकात लेजेंडरी अ‍ॅक्शन आल्या, तेव्हा सहा जणांसमोर एकटा राक्षस टिकेनासा होण्याचं दुखणं खरंच कमी झालं. पण ती सोय आकड्यांची होती. त्या पुस्तकातल्या क्राकेनला 472 हिट पॉइंट आहेत, आणि त्याचं टेबलावर काय होतं हे ज्याने तो चालवलाय त्याला ठाऊक आहे. सुरुवातीला थरार, मग वजाबाकी. हात वेगळे केले की तीच वजाबाकी तुकड्यातुकड्याने होते. खेळणारे काठावर ओळीने उभे राहून हात छाटतात आणि कोणीतरी किती उरले ते वहीत मांडत बसतं.

या छाटाछाटीत पहिल्यांदा जातं ते वय. मला राक्षस जुना हवा असतो, नुसता मोठा असून भागत नाही. वर राज्यं बदलली, बोली बदलल्या, देव बदलले, आणि हा तळाशी तसाच आहे, असा. हे वय वर्णनात सांगता येतं आणि सांगितलं की तिथेच संपतं. चारशे वर्षं म्हणा नाहीतर चाळीस हजार, टेबलावर दोन्ही सारखेच ऐकू जातात. डेव्हिड कुकने 1981च्या ‘ड्वेलर्स ऑफ द फॉरबिडन सिटी’मध्ये अ‍ॅबोलेथ आणला. पाण्यातला, लांब बाहूंचा, माणसांना गुलाम करणारा. पुढे त्याला देवांच्याही आधीची, पिढ्यान्‌पिढ्या न पुसणारी स्मृती मिळाली. या खेळात याहून मोलाची कल्पना मला तरी सापडलेली नाही. पण लढाई सुरू झाली की ती स्मृती जाते कुठे? तो बाहू मारतो, शेपटी मारतो, एखाद्याचं मन ताब्यात घेतो. काल जन्मला असता तरी त्याने हेच केलं असतं.

टॉल्कीनने हे 1954 मध्येच फार चांगलं साधलं होतं. तो प्राणी कोण, कधीपासूनचा, काहीच सांगितलेलं नाही. पाण्यातून हात येतो आणि नऊ जणांमधून फ्रोडोचाच पाय धरतो. गॅन्डाल्फच्या ते लक्षात येतं, पण तो बोलून दाखवत नाही. एवढ्यानेच त्या काळ्या डबक्याला भूतकाळ मिळतो. पण कादंबरीत दार बंद होतं आणि मंडळी पुढे निघून जातात. माझ्याकडे सहा जण काठावर मुक्काम ठोकतात आणि म्हणतात, याला मारल्याशिवाय हलणार नाही.

तळं निवडणाऱ्याने समुद्राची उसनवारी करू नये, असं माझं ठाम मत आहे. लव्हक्राफ्टची क्थुलूची कथा 1928 मध्ये छापून आली. तिच्यामागून अथांग समुद्र, वेडे भक्त आणि बुद्धीपलीकडचं काहीतरी असा साचाच पडला. हल्ली कशालाही बाहू चिकटवले की ते भयंकर झालं असं मानतात. समुद्रातला राक्षस कोणाचा शेजारी नसतो. तळ्याचा समोरचा काठ दिसतो, काठावर गाव असतं, गावाला रोज पाण्यापाशी जावंच लागतं. तिथला राक्षस शेजारी असतो आणि तो तिथेच का राहतो, याला उत्तर लागतं. कालियाच्या कथेत ते आहे. गरुडाच्या धाकाने तो यमुनेच्या डोहात आला, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडाला तिथे यायची सोय नव्हती. म्हणजे लोकांना ज्याची भीती वाटते तो स्वतः भ्यालेला आहे. कृष्णही त्याला मारत नाही, परत रमणक द्वीपाला धाडतो. या एका कथेने मला राक्षसांबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं नियमांच्या जाडजूड पुस्तकांनी शिकवलं नाही.

माझं तळं खारं आहे. गोड्या पाण्यात राहणारा एकही ऑक्टोपस किंवा माकूल जगात नाही, आणि माझ्या राक्षसिणीचे, थोरलीचे, हात मी ऑक्टोपसवरून घेतलेले, त्यामुळे तिला गोड्या पाण्यात ठेवणं मनाला पटत नव्हतं. म्हणून डोळ्यांपुढे लोणार ठेवलं. बसाल्टमध्ये उल्कापाताने पडलेलं, आरपार सुमारे 1.8 किलोमीटरचं विवर, आणि तळाशी ते खारट, अल्कधर्मी पाणी. कडेवर कुठेही उभं राहिलं तरी नजर खालीच जाते. लोणासुराची कथा मी घेतली नाही. ती दैत्यसूदनाच्या देवळाची आहे आणि तिचा शेवट ठरलेला आहे. काठावर मात्र साती आसरा ठेवल्या, शेंदूर लावलेले सात दगड. त्यांना हळदकुंकू वाहिल्याशिवाय माझ्या तळ्यावरचा कोळी होडी ढकलत नाही. खालची जी आहे तिला गावकरी थोरली म्हणतात आणि परक्यासमोर तेही म्हणत नाहीत.

आता आवाजाबद्दल. मला माझ्या आवाजाचा अभिमान आहे. थोरली पाण्याबाहेर यायची तेव्हा मी टेबलावर दोन्ही तळवे टेकवून छातीतून जो खर्ज काढायचो, त्याने समोरच्यांचे फासे मुठीतच राहायचे. ती शांतता मला हवी असायची. राक्षस, तळं, गाव हे सगळं मी मनापासून रचायचो, यात खोटं काही नाही. पण त्या क्षणी ते सगळे माझ्यामुळे गप्प झालेत, हे सुख मला राक्षसाहूनही प्रिय होतं. पुढच्या शनिवारची वाट मी त्यासाठीच पाहायचो.

मग स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं. मोहीम नेमकी तळ्याच्या काठावर येऊन ठेपलेली होती. खंड पाडायला कोणी राजी नव्हतं, मीही नव्हतो. ठरलं असं की मी चिठ्ठ्या लिहायच्या आणि टेबलावरच्या सगळ्यात लहान मुलीने त्या वाचायच्या. तिचं पात्र आधीच्याच सेशनला बुडालं होतं, म्हणून ती मोकळी होती.

तिने वाचलं ते अगदी सपाट आवाजात. हात वर येतो. दगडावर पडतो. दगड फुटतो. चढउतार नाही, थांबा नाही. माझं लिहिणं सावकाश, आणि दर वेळी सगळ्यांना खोळंबून ठेवलं तर खेळच मरेल, म्हणून मी पुढे चला अशी खूण करायचो. चिठ्ठी पुरी होईपर्यंत दोघातिघांच्या पाळ्या होऊन गेलेल्या असायच्या. एकदा मी लिहिलं की हात होडीवर कोसळतो. होडी तोवर पुढे सरकलेली. मी चिठ्ठी परत मागायला हात केला. तिने दिली नाही. नकाशाकडे पाहिलं आणि वाचलं, “होडी होती तिथे हात कोसळतो.” पुढची चिठ्ठीही तशीच, त्याच्या पुढचीही. दोघंजण आधी हसले. मग कोणी हसेना. तीच म्हणाली, “काका, ती आपल्याशी लढतच नाहीये. मघाशी इथे जे उभे होते ना, त्यांच्याशी लढतेय.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ऑक्टोपसच्या सुमारे पन्नास कोटी मज्जापेशींपैकी दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात, हे मला माहीत होतं, पण मी ते केवळ वर्णनात वापरत आलो होतो. आता गणित मांडलं. माकलाला झटक्यात पळायचं असतं, म्हणून त्याच्या अंगात एक जाडजूड मज्जातंतू असतो, हॉजकिन आणि हक्स्ली यांनी ज्याच्यावर प्रयोग केले तोच. पण बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम एखादा मीटर सरकतो. थोरलीचा हात साठ फुटांचा, म्हणजे अठरा मीटर. बातमी पोचायला अठरा सेकंद. आपला राउंड सहा सेकंदांचा. तीन राउंड!

तेव्हापासून मी वहीत प्रत्येकाची जागा राउंडगणिक लिहून ठेवतो आणि थोरलीचा हुकूम तीन राउंड जुन्या ओळीवरून निघतो. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. हाताला मात्र स्वतःची त्वचा आहे. त्याला जे लागेल ते तो तत्क्षणी धरतो, मग ते झाड असो, वल्हं असो की माणूस. हुकूम जुना आणि स्पर्श आत्ताचा. या दोन्हींच्या मधे माझ्या चतुराईला शिरायला फट उरत नाही. जखमी पुजारी झाडामागे गेला की आता खरोखर लपतो. पण जो तीन राउंड एका जागी उभा राहील त्याच्यावर हात पडणार म्हणजे पडणारच, आणि चिलखत घालून चिखलात रुतलेल्या योद्ध्याला हे कळतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मला माझ्या खर्जाने कधीच आणता आलं नव्हतं.

वयही याच वाटेने आलं. साठ फुटांवरची बातमी जिला इतक्या उशिरा कळते, तिला गावाची बातमी कधी कळणार? माझ्या तळ्याचं पाणी चढत आलंय, जुना घाट कधीचाच बुडालाय. थोरलीचा एक हात अजून रोज संध्याकाळी त्या बुडालेल्या पायऱ्यांवर जातो. पूर्वी तिथे नैवेद्य ठेवत. गावाने साती आसरा पाण्याबरोबर वर वर सरकवल्या, नैवेद्यही वर आला. तिला नवं गाव अजून पोचलेलंच नाही. ती चिडलेली आहे ती तिची विचारपूस थांबली म्हणून. हे मी टेबलावर एकदाही सांगितलेलं नाही. होड्या बुडालेल्या घाटाला वळसा घालून का जातात, एवढंच लोकांना दिसतं, आणि पुढचं ते आपसांत बोलून काढतात.

क्रिटिकल रोल 2015 मध्ये सुरू झालं आणि आवाजाच्या कलाकारांनी चालवलेला खेळ जगाने पाहिला. त्यांचं काम उत्तम आहे. पण नव्या मुलांना वाटायला लागलं की डीएम म्हणजे नकला करणारा. माझ्याकडे शिकायला येणारे पहिल्यांदा विचारतात, राक्षसाचा आवाज कसा काढायचा. दुसऱ्यांदा विचारतात, बाहूंच्या मिनी कुठे मिळतील. रंगवलेले प्लॅस्टिकचे बाहू नकाशावर उभे केले की तळं सपाट होतं, हे मी त्यांना पटवून देऊ शकलेलो नाही. राक्षसाला आधी काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही ते ठरवा, असं सांगितलं की त्यांची नजर मोबाईलकडे वळते.

माझा आवाज आता बराचसा परत आलाय. पूर्वीइतका खाली जात नाही, पण टेबलापुरता पुरतो. तरी थोरलीच्या चिठ्ठ्या मी लिहितोच. दर वेळी कोणीतरी वाचायला लागतं आणि दर वेळी मला वाटतं की हे वाक्य मी म्हटलं असतं तर सगळ्यांचा श्वास अडकला असता. तसं वाटणं थांबत नाही.

ती मुलगी आता स्वतःचं टेबल चालवते. थोरली तिने मागून नेली, मी आनंदाने दिली. तिच्याकडे उशीर चार राउंडांचा आहे. तिचं म्हणणं, तळाशी पाणी थंड, आणि थंडीत मज्जातंतू आणखी सावकाश चालतात. शास्त्र तिच्या बाजूने आहे. मी तिच्याशी तासभर वाद घातला, तीनच ठेव म्हणून, आणि तो वाद मी तळ्यासाठी घालत नव्हतो. तीन हा माझा आकडा आहे. तिच्या टेबलावरच्या मुलांना तो उशीर तिचाच वाटतो, माझं नाव कोणाला माहीत नाही, आणि पुढच्या वेळी मला पाहुणा म्हणून बोलावलं तर मी ते आपणहून सांगेन.