तारीख कुठली?

आमच्या मंडळाच्या ई-अंकासाठी आलेलं साहित्य एका टेबलमध्ये साठवलेलं असतं. लेखकाचं नाव, शीर्षक, मजकूर आणि शेवटच्या रकान्यात १७०३४४८६०० अशी दहा अंकी संख्या. ती फोन नंबरसारखी दिसते, पण ती वेळ आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे, उलटलेले सेकंद.

जुन्या साहित्याची तारीखवार सूची करायचं ठरलं आणि हे आकडे तारखांत बदलायचं काम माझ्याकडे आलं. तसं अवघड काही नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘फ्रॉम युनिक्सटाइम’ आहे, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘टू टाइमस्टॅम्प’. आकडा तेरा अंकी असला तर तो मिलिसेकंदांचा, आधी हजाराने भागायचा. नाहीतर हिशेबाने कविता पन्नास हजार वर्षं पुढे जाते!

वरचा आकडा एका मैत्रिणीच्या कवितेचा. मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी आल्यावर तिनं ती लिहिली आणि लगेच पाठवली. वडील गेल्यानंतरचा तो पहिला नाताळ. टेबलनं तारीख दिली २४ डिसेंबर २०२३, रात्रीचे ८:१०. तिच्या घरच्या घड्याळात मात्र २५ तारखेचे १:४० झाले होते. सर्व्हर यूटीसीवर चालत होता आणि आपण साडेपाच तास, म्हणजे १९८०० सेकंद पुढे. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आलेलं सगळं आदल्या दिवसावर पडत होतं. आणि कवी मंडळी जागी असतात ती नेमकी तेव्हाच.

उपाय क्रमात आहे. आधी डेटाबेसला आपली वेळ सांगायची, अधिक ५:३०, आणि मग त्यातून तारीख काढायची. आधीच नुसती तारीख काढली तर तास गळून जातात, मग दुरुस्तीला आधारच उरत नाही. म्हणून मूळ आकड्यांचा रकाना मी तसाच ठेवला आणि शेजारी नवा जोडला.

तो आकडा गोव्यात, इंदूरला, लंडनला एकच असतो. तारीख मात्र कुणाची ते ठरवावं लागतं. चर्च नाताळ आदल्या संध्याकाळपासून धरतं, पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, यूटीसी आपल्या पहाटे साडेपाचला पान उलटतं. यातलं कुठलंच खोटं नाही. पण कविता जिनं लिहिली, तिचा दिवस कुठला होता, हे सर्व्हरनं का ठरवावं?

सूचीत आता तिच्या नावापुढे २५ डिसेंबर आहे.