जांभळं पाणी

पटकीची साथ आली की आमच्या गावच्या विहिरीचं पाणी जांभळं व्हायचं. आरोग्य खात्याचा माणूस सायकलवर यायचा, बादलीत पूड कालवायचा नि विहिरीत ओतायचा. पोटॅशियम परमँगनेट हे नाव पुढं शाळेत कळलं. आजी त्याला लाल औषध म्हणायची आणि भांडी तपकिरी पडतात म्हणून कुरकुरायची. त्या माणसाचा हिशेब साधा होता. सकाळी पाण्यात गुलाबी झाक उरली तर औषध पुरलं. रंग उडाला असला तर पालापाचोळ्यानं नि शेवाळानंच ते खाल्लं, अजून टाका. आता टीसीएल पावडर आली, ते औषध मागं पडलं.

ते परत भेटलं अमेरिकेत. थोरली लेक नेब्रास्कात लिंकनला असते. जावयांनी एका रविवारी मीड नावाच्या खेड्याकडं गाडी घेतली. नजर पोचेल तिथवर मका नि सोयाबीन, आणि मधूनच जमिनीतून वर आलेले कुलूपबंद पाईप. मला वाटलं बोअर असतील.

“बोअर नव्हेत मामा, तपासणीच्या विहिरी आहेत,” जावई म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. 1942 साली सरकारनं इथली सतरा हजार एकराच्या आसपास जमीन बॉम्ब नि तोफगोळे भरायच्या कारखान्यासाठी घेतली. कारखाना धुतलेलं पाणी चरांत सोडायचे, ते मुरायचं. 1956 ला कारखाना बंद झाला, पुढं बरीचशी जमीन विद्यापीठाच्या शेतीकडं आली. पण खालच्या पाण्यात आरडीएक्स उतरलं होतं. 1990 मध्ये ही जागा देशातल्या घाण झालेल्या जागांच्या सरकारी यादीत गेली.

आरडीएक्स हा शब्द आपण 1993 च्या मुंबईच्या स्फोटांनंतर शिकलो. ते पाण्यातही असू शकतं हे डोक्यात आलं नव्हतं. आमच्या विहिरीला बहात्तरच्या दुष्काळात सुरुंग लावले, तेव्हा जिलेटीनच्या कांड्या हाताळून वडारांची डोकी दुखायची. वासच तसा. आरडीएक्सला वास नाही, रंग नाही, आणि ते मातीला धरूनही राहत नाही, पाण्याबरोबर चालत सुटतं. पिण्याच्या पाण्यात जन्मभरासाठी अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं सुचवलेली हद्द अब्जात दोन भाग. लाख लिटरच्या विहिरीत चिमटीभर मिठापेक्षाही कमी!

हे पाणी पंपानं उपसून कोळशातून गाळतात. पण विद्यापीठाच्या माणसांनी दुसराही उपाय करून पाहिला: पाणी वर काढण्याऐवजी औषधच खाली सोडायचं. आणि औषध कोणतं, तर आमच्या आजीचं! परमँगनेट आरडीएक्सचा रेणू फोडतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड नि नायट्रस ऑक्साइड होतो. मी गाडीतच हसलो. जावयांना कारण सांगावं लागलं.

“मग झालं का साफ?” मी विचारलं.

जवळच्या तपासणी-विहिरींत आरडीएक्स उतरलं, पण औषध सगळीकडं सारखं पोचलं नाही, असं ते म्हणाले. मला ते लगेच पटलं. उघड्या विहिरीत बादली ओतून ढवळता येतं, रंग डोळ्यांनी दिसतो. शंभर फूट खाली कोण ढवळणार? पाणी आपल्याच वाटेनं जातं, रेतीतून भरभर, चिकणमातीत अडतं. शिवाय माती आधी स्वतःचं जेवण उरकते. कुजलेला पाला, शेणखत, ज्याच्या जोरावर आपण जमीन कसदार म्हणतो, तेच औषध खातं. उरेल ते आरडीएक्सला. तिथल्या खोल रेतीत असलं खाणारं कमी, म्हणून तरी जमलं.

गाव तसं शांत. ज्या घरांच्या विहिरींत हे उतरलं, त्यांना दुसऱ्या पाण्याची सोय करून द्यावी लागली. विहीर दारात, पाणी बाहेरून.

“हे पंप कधी थांबणार?”

“मामा, आमच्या पोराला विचारा,” जावई म्हणाले. पोरगं तेव्हा मागच्या सीटवर झोपलं होतं, चार वर्षांचं.