बोलोन्यांतील शिदोरी

इटलींतील बोलोन्या हें नगर मांसान्नासाठीं विख्यात. तेथें शाकाहारी कुटुंबानें जेवावें कोठें? पियाझ्झा माज्जोरेलगतच्या बाजारांत, एका अरुंद बोळांत, ‘ओस्तेरिया देल सोले’ हें मद्यगृह आहे. तें १४६५ सालापासूनचें, अशी त्याची ख्याति. तेथें केवळ पेयें मिळतात. खाद्य ज्याचें त्यानें आणावयाचें. आम्हीं शेजारून पाव, ऑलिव्ह व फळें घेतलीं. पार्मिजानो चीज टाळलें, कारण तें वासराच्या जठरांतील द्रव्यानें गोठवितात. चिरंजीवांनीं तेथल्या टेकड्यांवरील द्राक्षांचें पिन्योलेत्तो मागविलें. माझ्यासमोर ते प्रथमच मद्य घेत होते. मीं घेतलें नाहीं, पण उठलोंहि नाहीं. मेजाच्या दुसऱ्या टोकास परक्यांचें डुकराचें मांस, इकडे आमचीं फळें! घरीं आपण आहारभेदापायीं पंक्ति मोडतों. येथें शिदोरी निराळी असूनहि पंक्ति एकच राहिली.