काडतूस कोणतं, नाना?

रात्री कायोटी मारायला 223 बरी की 243? टेक्सासमध्ये हा प्रश्न एकदम नॉर्मल आहे. आपण थिन क्रस्ट घ्यायचा की चीज बर्स्ट यावर जेवढा काथ्याकूट करतो ना, तेवढाच तिकडची मंडळी काडतुसावर करतात. माझा मावसभाऊ तिथे कोडिंग करतो आणि वीकएंडला एका मित्राच्या रँचवर जातो. शेळ्यांची करडं पळवणारे कायोटी हा रँचवाल्यांचा रोजचा ताप. त्यामुळे हल्ली या पठ्ठ्याशी फोनवर क्रिकेट कमी आणि काडतुसं जास्त चघळली जातात.

त्याचं गणित सॉलिड आहे. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन चुलतभाऊ. वजन साधारण 9 ते 20 किलो. एवढ्याशा जनावराला तोफ कशाला? 223 ची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण सेकंदाला साधारण 950 ते 1000 मीटर पळते. मार्ग सपाट, खांद्याला धक्का कमी आणि योग्य बनावटीची निवडली तर जनावराच्या अंगातच तिचे तुकडे होतात. वारा जास्त असेल तर थोडी जड 243. खूप लांबचं मारायचं तर 22-250, पण आवाज दणकून आणि बॅरल लवकर तापते. वर थर्मल स्कोप, म्हणजे अंधारात अंगाची ऊब पांढरी दिसते. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही. जमीनमालकाची परवानगी असली की झालं.

आता हे सगळं मी इतकं मन लावून का ऐकतो? माझा आणि बंदुकीचा संबंध काय? मी पुण्यात एक्सेल शीट मारणारा माणूस!

संबंध आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्यात आमची शेती आहे. थोडा ऊस, थोडी केळी, बाकी मका. आणि घरात नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लायसनची बारा बोअर आहे. नानांना सत्तर पूर्ण झाली. 2016 च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे : लायसनधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की कायदेशीर वारस आपल्या नावावर लायसन मागू शकतो. नानांनी दिवाळीतच फर्मान काढलं, "आते तू नाववर करी ले."

फ्लॅट नाववर, गाडी नाववर... आणि आता बंदूक!

बारा म्हणजे नेमकं काय?

माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना वाटतं, बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर. नाही हो. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते, ती बारा बोअर. नळीचा व्यास भरतो साधारण साडेअठरा मिलिमीटर.

पीकसंरक्षणासाठी आपल्याकडे राइफल सहसा मिळत नाही. 1959 चा शस्त्र कायदा याबाबतीत आधी ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे ठेवतो आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची साधी बंदूक. राइफलवाल्यांकडे आपल्याकडे बऱ्याचदा दिसते ती 315. तिची गंमत अशी की 303 ही फौजेची गोळी, ती लोकांच्या हाती नको म्हणून इंग्रजांच्या काळात ही वेगळी गोळी नागरिकांसाठी पुढे आली.

काडतुसं मात्र आपल्या घरचीच. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. त्या कारखान्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. खान्देशात भुसावळजवळ वरणगावचा कारखाना आहे, तिथे फौजेच्या छोट्या शस्त्रांच्या गोळ्या होतात. 2021 पासून दोन्ही 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीत आहेत.

नानांच्या पत्र्याच्या डब्यात तीन प्रकार असतात. एलजी : मोजके पण मोठे छर्रे, एकेक 9 मिलिमीटरच्या आसपास. बीबी : 4 मिलिमीटरचे. आणि 6 नंबर : अडीच मिलिमीटरच्या थोडे वर, पाखरांसाठीचे. मोठा छर्रा खोल जातो पण संख्या कमी. बारीक छर्रे भरपूर, पण लवकर दमतात. चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे त्यांचा भरवसा नाही.

वाचायला सोपं वाटतं ना? कोल्ह्याला बीबी, डुकराला एलजी, चला जेवायला! घोळ पुढे आहे.

अंधारात मेनू कार्ड नसतं

कोल्हा आठ-दहा किलोचा. रानडुकराचा मोठा नर शंभर किलोपर्यंत जातो. बंदुकीत बीबी घालून बसलात आणि समोर डुक्कर आलं, तर ते मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर मक्यात दडून बसलंय हे माहीत असताना सकाळी कापणीला कोण उतरणार? उलट एलजी घालून बसलात आणि कोल्हा आला तर छर्रे आजूबाजूने निघून जातात... कुठे जातात, हे विचारायचं नाही!

मुळात कोल्ह्यावर गोळी चालतच नाही. 'कोल्हा काकडीला राजी' म्हणतात ते खरं आहे. तो कलिंगड फोडतो, मका खातो, ऊस चघळतो, कोंबडी नेतो. पण उंदीरही तोच खातो, हे आपण विसरतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 2023 च्या एप्रिलपासून लागू आहे आणि त्यात कोल्हा पहिल्या परिशिष्टात गेला. बिबट्याच्या रांगेत! पहिल्या परिशिष्टातला प्राणी पिकाचं नुकसान करतो एवढ्यावरून मारायला परवानगी मिळू शकत नाही. मारलात तर किमान तीन वर्षं कैद, कमीत कमी पंचवीस हजार दंड. म्हणजे कोल्ह्यासाठी काडतूस कोणतं, याचं आपल्याकडचं उत्तर : कोणतंच नाही. रानडुकराचं वेगळं आहे. पीक खात असेल तर वनखात्याकडे अर्ज करून मारायची परवानगी मागता येते. परवानगीशिवाय तोही गुन्हाच.

आता डोळ्यांची गोष्ट ऐका. रात्री टॉर्च मारला की कोल्ह्याचे डोळे चमकतात. बिबट्याचे चमकतात. शेळीचे, कुत्र्याचे, गाईचेही चमकतात. या प्राण्यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. माणसाच्या डोळ्यात तो थर नसतो. म्हणजे उसाच्या सरीत एखादा माणूस वाकून बसला असेल तर टॉर्चच्या उजेडात तो चमकणार नाही. तो दिसणारच नाही.

आणि माणूस तिथे असतो. हा मुद्दा टेक्सासच्या हिशेबात येतच नाही. हजार एकरांच्या रँचवर रात्री दोन वाजता कोण असणार? आमच्याकडे शेतीची लाइट पाळीने येते, अर्धे दिवस रात्रीची. लाइट आली की सालदार उठतो, मोटार चालू करतो आणि फावडं घेऊन पाणी भरायला उसात शिरतो. बांधापलीकडे शेजाऱ्याचा माणूस तेच करत असतो. हंगामात ऊसतोड मजुरांच्या झोपड्या शेताच्या कडेला असतात, लेकराबाळांसकट. दहा फूट उंचीचा ऊस गोळी अडवत नाही, फक्त माणूस लपवतो. साधी 22 ची बारकी गोळीही मोकळ्या हवेत दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. 223 काय, 315 काय, विचारूच नका.

मी मावसभावाचा सगळा फंडा नानांना समजावला. 223, थर्मल, सपाट मार्ग, सगळं. ते शांतपणे तंबाखू मळत होते. मग एवढंच म्हणाले, "तू कोल्हाले गोळी मारशी, पन कोल्हाना मांगे कोन शे?"

त्यांनी इतक्या वर्षांत जनावरावर रोखून किती बार टाकले असतील? त्यांच्या सांगण्यानुसार, एकही नाही. बंदूक दसऱ्याला पुजायची, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. डुकरं अर्थातच आचारसंहिता पाळत नाहीत! पण गावात 'बंदूकवाले नाना' ही ओळख होती. खरा वारसा तो होता. आणि तो नाकारताना मला जड गेलं, खोटं कशाला बोलू?

मग राखण कोण करणार?

मी नाही म्हणालो. पुण्यात राहून तळोद्याच्या पिकाचं रक्षण करणारी बंदूक नावावर घेणं मला पटेना. नाना रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग रातले पानी भराले तू येशी का?"

आता बोला! एसी कॅबिनमध्ये बसून 'प्राण्यांचाही हक्क आहे' म्हणायला माझं काय जातं? मक्याचं शेत एका रात्रीत डुकरांनी झोपवलं तर पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो, पण तोंडाशी आलेलं पीक गेलेलंच असतं. शिवाय बिबट्या. गेल्या काही वर्षांत तळोदा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळतं, गावची कुत्री मिळतात. सालदाराला रात्री शिवारात पाठवताना घरातल्या बायकांचा जीव वरखाली होतो.

मग आम्ही काय केलं? मक्याला झटका मशीन बसवलं. बॅटरी, सोलर पॅनल आणि कुंपणाची तार. सेकंदाला एखादा क्षणभराचा झटका, त्याने जनावर दचकतं, मरत नाही. मेन लाइनचा करंट थेट तारेत सोडणारे महाभाग वेगळे. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत. झटका मशीन म्हणजे जादू नाही. तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, म्हणून दर आठवड्याला खालचं गवत काढावं लागतं. आणि आपल्याकडून हटलेलं डुक्कर शेजाऱ्याकडे जातं. म्हणून दोन शेजाऱ्यांना बरोबर घेऊन एकच लांब तार ओढली. खर्चाचा माझा हप्ता चालू आहे. सालदाराला मोठा टॉर्च दिला आणि रात्री एकट्याने उसात शिरायचं नाही, दोघांनी बोलत जायचं, असं ठरवलं.

बंदुकीचं? नानांचं लायसन आहे तोवर ती त्यांचीच. पुढे ती रीतसर जमा करायची, हे दोघांनी मिळून ठरवलं. दसऱ्याला विळा आणि फावडं पुजू, असं आई म्हणाली. नाना हसले, पण हो म्हणाले नाहीत.

त्यांची एक मागणी मात्र बाकी आहे आणि ती माझ्याकडे नाही, सरकारकडे आहे. दिवसाची लाइट. शेतीचे फीडर सौर विजेवर आणून दिवसा वीज द्यायची 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0' 2023 मध्ये आली. ती आमच्या फीडरपर्यंत पोहोचली की सालदार दुपारी पाणी भरेल आणि रात्री घरी झोपेल. मग रात्री शिवारात कोल्हा असेल, डुक्कर असेल, बिबट्या असेल... फक्त आपला माणूस नसेल.

नाना म्हणतात, "दिनले लाइट द्या, बंदूक आजच ली जा."