रायपूरचं तिसरं पंचांग

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात पाहुणे म्हणून गेलात, तर पहिला घोळ महिन्यांचा होतो. शेजारचे छत्तीसगढी लोक श्रावण अमावास्येला हरेली साजरी करतात. दारावर कडुलिंबाची डहाळी खोवतात, शेतीची अवजारं धुऊन पुजतात, मुलं बांबूच्या गेडीवर चढून फिरतात. त्याच दिवशी मराठी घरात दिवे घासून मांडलेले असतात, कारण आपल्या कॅलेंडरात ती आषाढातली दिव्यांची अवस असते! तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, म्हणून वद्य पक्षात दोन्ही घरांत महिन्यांची नावं वेगळी होतात. चूक कोणाचीच नाही.

पण या शहरात तिसरंही एक पंचांग आहे, आणि त्यात हा घोळ होत नाही. ते आहे झाडांचं. ते वाचायला कुठे जायचं, ते सांगते.

ब्राह्मणपाऱ्यातून आझाद चौकात या आणि जी. ई. रोडनं पश्चिमेला निघा. वाटेत आमापारा लागतो. छत्तीसगढीत आमा म्हणजे आंबा! पुढे आयुर्वेदिक कॉलेज, 1956 साली सुरू झालेलं आणि आता एनआयटी म्हणून ओळखलं जाणारं इंजिनियरिंग कॉलेज, सायन्स कॉलेज आणि 1964 सालचं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ अशी मोठी आवारं एकापाठोपाठ येतात. गेटवर विचारून, सकाळी उन्हाआधी आत जा. मुलांना बरोबर न्या. एकदाच नको, वर्षातून चार वेळा.

माघ ते चैत्र

छत्तीसगढात ही पानगळीची आणि फुलांची वेळ. पळसाला इथे परसा म्हणतात, मोहाला मउहा, कडुलिंबाला लीम. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. गावाकडे बायका-मुलं उजाडायच्या आत ती वेचायला निघतात. काटेसावर फुलली की बुलबुल, साळुंक्या, कोतवाल यांची तिच्यावर झुंबड उडते. तांबटाची टुक टुक सुरू झाली, की थंडी गेली असं समजा.

मुलं हमखास विचारतील, पाऊस नाही, विहिरी आटताहेत, मग पिंपळाला तांबूस पालवी फुटते कशी? उत्तर असं, की पानं गाळल्यामुळे झाडाचं पाणी वाचतं, मुळं खोलवरची ओल ओढत राहतात आणि दिवस मोठा होत चालल्याची खूण झाडाला मिळते. पावसाबरोबर पानं खाणाऱ्या अळ्यांची फौज येते. तोवर कोवळं पान जून झालेलं असलं, तर ते वाचतं. अभ्यासक याला झाडाची हुशारी म्हणतात. आपण दूरदृष्टी म्हणू.

वैशाख-ज्येष्ठ

आता बहावा पिवळा होतो आणि गुलमोहर लाल. बाजारात बोहार भाजी येते. ही आपल्या भोकराची कोवळी पानं आणि कळ्या, दही किंवा आंबट घालून शिजवलेली. नौतपाचे नऊ दिवस रायपूरकर घरातच काढतात, पण कोकिळा भर उन्हातही कामात असते. कावळ्यांची घरटी याच सुमारास बांधून होतात आणि तिला अंडी तिथेच घालायची असतात!

पावसाळा

जूनच्या मध्याला पहिला जोरदार पाऊस आला, की पानांवरची काळसर धूळ धुऊन जाते. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतराचे लोखंडाचे कारखाने आहेत, त्यामुळे रायपूरच्या माणसाला हा पाऊस जरा जास्तच गोड लागतो. आफ्रिकेतून चातक येतो. शहराबाहेरच्या भातखाचरांत उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी शोधत फिरतात. खाचरात उतरलेला हा पाहुणा शेतकऱ्याला भारी प्रिय. कदंबाचे गोल गेंद फुलतात, लिंबोळ्या पिकून अंगणभर सांडतात.

शरद आणि हिवाळा

नवरात्रानंतर रात्री सप्तपर्णीचा उग्र वास पसरतो. कोणाला आवडतो, कोणाचं डोकं दुखतं. दसऱ्याला इथेही सोनं वाटतात. रतनपूरच्या गादीवर 1758 ते 1787 राहिलेल्या बिंबाजी भोसल्यांनी ही रीत छत्तीसगढात आणली, असं इथे मानलं जातं. नागपूरकर भोसल्यांची ही खूण आजही मराठी आणि छत्तीसगढी, दोन्ही घरांत पोहोचते. पण बाजारात आपटा म्हणून कांचनाच्याही फांद्या विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि खरखरीत असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. एका पानानं भागतं, फांदी कशाला तोडायची?

थंडीत मैदानात शेपटी हलवत धोबी पक्षी उतरतात. त्यांचे दूरदेशीचे सोबती बघायचे असतील, तर बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदाच्या तलावांवर जा. 2021 साली तिथे पक्षी महोत्सव भरला होता.

तुमचं एक झाड

हे पंचांग छापील नाही, म्हणून ते हरवायलाही वेळ लागत नाही. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं, की झाडाला पाणी मिळत नाही. पाचोळा पेटवला, की मातीचं खत आणि त्यातले किडे, दोन्ही जळतात, मग पक्षी यायचे कशाला? आणि नावं विसरली, की झाड नुसतं 'झाड' उरतं. आजीला पळस ठाऊक होता, शेजारच्या काकींना परसा. नातवंडांना दोन्ही ठाऊक नसतील, तर ते कापलं गेल्याचं त्यांना कळणारही नाही.

म्हणून एक करा. घराजवळचं किंवा कॉलेजातलं एक झाड निवडा. त्याचं मराठी नाव आणि इथलं नाव, दोन्ही वहीत लिहा. दर रविवारी फक्त तीन गोष्टी नोंदवा: पालवी, फूल, फळ. देशभरात 'सीझनवॉच' या उपक्रमात शाळेतली मुलंसुद्धा अशाच नोंदी पाठवतात. बहावा कुठे लवकर फुलला, आंबा कुठे उशिरा मोहरला, हे अशाच साध्या नोंदींवरून कळतं. फोन हातात आहेच, दर रविवारी त्याच जागी उभं राहून एक फोटो काढा.

वर्षभरानं ते बावन्न फोटो मुलांसमोर ओळीनं मांडा. कुठल्या फोटोत कुठला महिना, ते त्यांना ओळखू द्या. उत्तर मराठी महिन्यात आलं काय आणि छत्तीसगढी महिन्यात आलं काय, दोन्ही बरोबर धरा.