काटा

आमच्या घरी मोटार आली तीच मुळी दहा वर्षे वापरलेली. तरीही आईने तिला ओवाळले आणि वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले.

तिच्या खोडी महिन्याभरात कळल्या. चढावर क्लच घसरे, खड्ड्यात बुश खडखडत आणि रेडिएटरच्या नळीतून पाणी ठिबके. मिस्त्री म्हणाले, "नळी 400 रुपयांची आहे. ती टाळलीत, तर उद्या हेड उतरवावे लागेल." वडिलांनी पैसे माझ्याजवळ दिले. ते कँटीनमध्ये कधी संपले, मला कळलेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मित्रांना घेऊन पाचगणीला निघालो. पसरणी घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. मित्रांदेखत थांबणे मला कमीपणाचे वाटले. आणखी दोन वळणे गेली आणि बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली.

पाण्यावाचून इंजिन तापले की हेड वाकते, गॅस्केट जळते आणि उरलेसुरले पाणी ऑइलमध्ये उतरते. मिस्त्रींनी ऑइलचे झाकण उघडून दाखवले. आत चहावरच्या सायीसारखा फेस होता. हेडचे फेसिंग, गॅस्केट, ऑइल, मजुरी मिळून 14,200 रुपये झाले.

"नळी बदलली होतीस ना?" वडिलांनी विचारले. मी मान खाली घातली. ते काहीच बोलले नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या पाकिटातून त्यांनी नोटा मोजून दिल्या.

मोटार आता छान चालते. दिवेलागण झाली, समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले, की वडील मुकाट्याने किल्ली माझ्या हाती देतात. मी आधी काट्याकडे पाहतो. त्यांच्याकडे पाहायचा धीर अजून होत नाही.